टाइल्स लहान-मोठ्या निघाल्या तर? शॉवरच्या भिंतीबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. शॉवरचा कोपरा स्वतः करायला घेतला आणि टाइल्सच एकसारख्या निघाल्या नाहीत. म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळी, आज सगळं यावरच. पहिलं उत्तर मुद्दाम मोठं लिहिलंय, कारण त्यातली मोजणी बाकीच्यांनाही लागणार आहे.

प्रश्न: ताई, नाशिकहून लिहितेय. बाथरूममधला शॉवरचा कोपरा मी आणि माझा मुलगा मिळून करतोय. तीन भिंती, प्रत्येक साधारण ३ फूट रुंद, उंची ७ फूट. जुन्या टाइल्स काढून प्लास्टर करून घेतलं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. १२ बाय १८ च्या साध्या सिरॅमिक टाइल्स आहेत, उभ्या लावायच्या. आधी सहा बॉक्स आणले, मग कमी पडतील असं वाटलं म्हणून त्याच दुकानातून त्याच डिझाइनचे अजून दोन आणले. खाली एक ओळ सोडून पट्टी ठोकली आणि मागच्या भिंतीवर २ मिमीचे स्पेसर घालून दोन ओळी लावल्या. तोवर ठीक होतं, पण वरच्या ओळीच्या टाइल्स नुसत्या टेकवून बघितल्या तर उभ्या रेषा सरकतायत, आणि बाजूच्या भिंतीवर तर कोपऱ्यात आडवी रेषच जुळत नाही. मोजलं तर जुन्या बॉक्समधल्या काही २९९ आणि काही ३०० मिमी रुंद, नव्या दोन बॉक्समधल्या ३०१. उंचीतही तसाच फरक आहे. दुकानदार म्हणतो एवढं चालतं. आम्हाला फसवलं का? आणि लावलेलं काढावं लागेल का? काम सध्या तिथेच थांबवलंय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, थांबलात हे फार बरं केलंत. आधी फसवण्याचं बोलू. टाइलची माती दाबून साच्यात एकाच मापाची बनते, पण नंतर ती हजार-अकराशे अंशांच्या वर भट्टीत भाजली जाते आणि तिथे आक्रसते. माती किती ओली होती, दाब सगळीकडे सारखा पडला का, भट्टीत ती टाइल मधून गेली की कडेने, यावर थोडा थोडा फरक पडतो. म्हणून कारखान्यात भाजून झाल्यावर टाइल्स मापाप्रमाणे वेगळ्या करतात आणि बॉक्सवर बॅच नंबर, शेड नंबर टाकतात. आपल्या देशात दाबून बनवलेल्या सिरॅमिक टाइल्ससाठी आयएस १५६२२ हे मानक आहे, २०१७ मध्ये ते सुधारलं, आणि त्यातसुद्धा मापात थोडा फरक मान्य आहे. त्यामुळे एकाच बॉक्समध्ये एखाद्या मिमीचा फरक निघाला तर ती फसवणूक नाही. पण तुमचे नंतरचे दोन बॉक्स दुसऱ्या बॅचचे असणार, आठही बॉक्स शेजारी ठेवून छापलेले नंबर वाचून बघा. दुसऱ्या बॅचचा माल देताना तसं सांगायला हवं होतं, ते दुकानदाराने सांगितलं नाही एवढी तक्रार मात्र रास्त आहे. बॉक्स फोडले नसते तर परत घ्या म्हणता आलं असतं, आता फोडलेत तर त्यांचाच उपयोग करू, आणि तो चांगला करता येतो.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत टाइल कामाचं एएनएसआय ए१०८.०२ म्हणून मानक आहे, त्यात एक साधा नियम दिलाय: टाइल्सच्या मापात जेवढा फरक असेल त्याच्या निदान तिप्पट जॉइंट, म्हणजे दोन टाइल्समधली फट, ठेवायचा. मला हा नियम फार आवडतो, कारण तो मोजून बोलतो. तुमचा फरक २९९ ते ३०१ म्हणजे २ मिमी, तर जॉइंट हवा ६ मिमी, म्हणजे जवळजवळ दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तुम्ही ठेवलाय २. मग २ मिमीच्या फटीत २ मिमीचा फरक कुठे लपणार, एक फट बंद होईल आणि शेजारची दुप्पट दिसेल, आणि तुमच्याकडे तेच होतंय.

पण ६ मिमीचा जॉइंट १२ बाय १८ च्या टाइलला कुणालाच आवडत नाही. म्हणून फरकच कमी करायचा, म्हणजे टाइल्स वेगळ्या काढायच्या. हे काम एका दुपारचं आहे आणि सगळ्या कामात हीच दुपार सर्वात जास्त उपयोगाची ठरते. एक प्लायचा सरळ तुकडा घ्या, एका कडेला लाकडी पट्टी खिळ्यांनी घट्ट बसवा. त्या पट्टीपासून २९९, ३०० आणि ३०१ मिमीवर धारदार पेन्सिलने तीन रेषा मारा. आता प्रत्येक टाइल पट्टीला टेकवायची आणि तिची दुसरी कड कुठल्या रेषेवर येते ते बघायचं. वरच्या टोकाला एकदा आणि खालच्या टोकाला एकदा, कारण काही टाइल्स एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असतात. मग मागच्या बाजूला पेन्सिलने लहान, मध्यम, मोठी असं लिहायचं आणि तीन थप्प्या लावायच्या. उंचीसाठीही तसंच. बहुतेक वेळा रुंदीत मोठी असलेली टाइल उंचीतही मोठीच असते, त्यामुळे थप्प्या फारशा वाढत नाहीत. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर ती टाइल गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, तिला कापायच्या जागेसाठी बाजूला ठेवा. आणि दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा, मधोमध किंवा टोकांना फट दिसली तर टाइल वाकलेली आहे, तीसुद्धा तिकडेच.

थप्प्या लागल्या की तुमचा हिशोब छान बसतो बघा. १२ बाय १८ च्या बॉक्समध्ये साधारणपणे सहा टाइल्स येतात, म्हणजे जुन्या ३६ आणि नव्या १२. ७ फुटांत पाच ओळी, प्रत्येक ओळीत तीन, म्हणजे एका भिंतीला १५ आणि तिन्ही मिळून ४५. नव्या १२ टाइल्स सगळ्या एकाच बाजूच्या भिंतीवर, वरच्या चार ओळींत लावा, त्या बरोबर संपतात. त्या भिंतीची सगळ्यात खालची ओळ जुन्यांतून करा, ती उतारानुसार तशीही कापायचीच असते आणि पावलांपाशी एक मिमी कुणाला दिसत नाही. उरलेल्या दोन भिंतींवर फक्त जुन्या टाइल्स, म्हणजे तिथला फरक १ मिमीवर आला आणि नियमाप्रमाणे जॉइंट ३ मिमी पुरे झाला. जवळजवळ एक सूत. वर तीन टाइल्स हाताशी राहतात, त्या टाकू नका, पुढे कधी नळाच्या दुरुस्तीला लागल्या तर ही टाइल बाजारात मिळणार नाही.

त्यातही एक पाळा. एका आडव्या ओळीत एकाच थप्पीच्या टाइल्स घ्या. २९९ ची ओळ पूर्ण २९९ ची, ३०० ची पूर्ण ३०० ची. शेजारी-शेजारी असलेल्या दोन टाइल्सची उंची सारखी असेल तर आडवी रेष सरळ दिसते, आणि डोळा सगळ्यात आधी आडवी रेष बघतो.

आता स्पेसरबद्दल. अधिकच्या चिन्हासारखे ते प्लास्टिकचे स्पेसर टाइल्स अगदी एकसारख्या असतील तरच बरोबर चालतात. स्पेसर फट सारखी ठेवतो, त्यामुळे टाइलमधला फरक पुढच्या टाइलवर ढकलला जातो आणि साठत जातो. तुमच्याकडे ओळीत तीनच टाइल्स आहेत म्हणून लवकर लक्षात आलं, ४ इंची टाइल्स असत्या आणि वीस ओळी असत्या तर वर जाईपर्यंत २० मिमी सरकलं असतं. म्हणून फट सारखी ठेवायची नाही, फटीचा मध्य जागेवर ठेवायचा. एक टाइल आणि एक जॉइंट मिळून ३०३ मिमी धरा. एका सरळ पट्टीवर ३०३ च्या खुणा करा, ती भिंतीला लावून ओळंब्याने उभ्या रेषा मारा. मग प्रत्येक टाइल आपल्या दोन रेषांच्या बरोबर मध्ये बसवायची. २९९ च्या टाइलच्या बाजूला ४ ची फट राहील, ३०० च्या बाजूला ३ ची आणि नव्या ३०१ च्या बाजूला २ ची, पण रेष मात्र वरपासून खालपर्यंत तिथेच राहील. ४ ची फट आणि २ ची फट एकाच भिंतीवर शेजारी आल्या तर खटकतात, वेगवेगळ्या भिंतींवर असतील तर कुणी मोजत बसत नाही. स्पेसरच्या जागी पाचर वापरा, प्लास्टिकच्या मिळतात, आत-बाहेर सरकवून अर्धा मिमीसुद्धा जमवता येतो.

उंचीलाही हाच हिशोब. जिथून पुढे काम करायचंय तिथून ४५३ च्या आडव्या रेषा पाणसळीने तिन्ही भिंतींवर एकदमच मारून घ्या. एक भिंत पूर्ण करून मग दुसरीकडे वळलात की कोपऱ्यात परत हेच होणार. लेव्हल पाइप असेल तर अजून चांगलं, पाइपमधलं पाणी तिन्ही भिंतींना एकच उंची दाखवतं.

लावलेल्या दोन ओळी काढायच्या का? आधी प्रत्येक टाइलवर नाण्याने किंवा थापीच्या दांड्याने हलकेच ठोका. बद्द, पोकळ आवाज आला तर ती टाइल काढा, फुटली तरी काढा, कारण शॉवरमध्ये टाइलमागच्या पोकळीत पाणी जाऊन बसतं आणि तिथूनच पुढे टाइल सुटते. आवाज भरीव असेल तर पाणसळ लावून बघा. रेष पाणसळीत असेल तर त्या दोन ओळी राहू द्या, त्यांच्याच उंचीच्या रेषा बाजूच्या दोन्ही भिंतींवर ओढून आणा आणि त्यांच्या वरच्या ओळीपासून सगळीकडे ४५३ चालू करा. उभ्या रेषांतला जो मिमीभर फरक आहे तो पुढच्या दोन ओळींत अर्धा-अर्धा मिमी करून जिरवा, मग तो नजरेत येत नाही. रेष पाणसळीतच नसेल तर मात्र मन घट्ट करून काढा, कारण तीन भिंती त्या चुकीच्या रेषेच्या मागे जातील.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहिलीत पण मला तिचीच जास्त काळजी वाटतेय, ती म्हणजे ठोकलेली पट्टी. वॉटरप्रूफिंग करून झाल्यावर पट्टी ठोकलीत तर प्रत्येक खिळ्याने त्या थराला भोक पाडलंय, आणि तेही जमिनीपासून दीड फुटाच्या आत, जिथे पाणी सगळ्यात जास्त असतं. पट्टी काढल्यावर प्रत्येक भोक साफ करून त्याच वॉटरप्रूफिंगच्या मालाने भरा, वरून आजूबाजूला चार बोटं रुंद दोन हात द्या, वाळू द्या, मगच खालची ओळ लावा. बाजूच्या भिंतींवर पट्टी ठोकू नका, खालून विटा किंवा लाकडाचे ठोकळे लावून तिला नुसती टेकवा.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ३ फुटी भिंत म्हणजे ९१५ मिमी आणि त्यात तीन टाइल्स बरोबर बसतात असं कागदावर वाटतं. पण भिंत वर ९१५ आणि खाली ९०८ निघाली की शेवटच्या टाइलची पाचरीसारखी चिपट कापावी लागते आणि ती फार वाईट दिसते. त्यापेक्षा मध्ये दोन पूर्ण टाइल्स आणि दोन्ही कोपऱ्यांना जवळजवळ अर्ध्या अर्ध्या घ्या, मग भिंतीचा वाकडेपणा आणि टाइल्सचा फरक दोन्ही त्या कापलेल्या तुकड्यांत जातात.

प्रश्न: आमचे मिस्त्री सांगतात की टाइल्स रेक्टिफाइड आहेत त्यामुळे शॉवरमध्ये जॉइंटलेस लावू, स्पेसरची गरज नाही आणि लूकही भारी येतो. थोडं काम मी स्वतः करणार आहे, भिंतीचं. ऐकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नका ऐकू. रेक्टिफाइड म्हणजे भाजून झाल्यावर टाइलच्या चारही कडा हिऱ्याच्या चाकांनी घासून मापात आणलेल्या. त्यामुळे फरक खूप कमी होतो पण शून्य होत नाही, आणि कड घासल्याने मधला बाक तर अजिबात जात नाही, ६०० बाय १२०० च्या मोठ्या टाइलला तो असतोच. टाइलला टाइल चिकटवून लावलीत तर पाव मिमीचा फरकसुद्धा जाणार कुठे, चार ओळींनंतर चौकटीचे कोपरे एकमेकांपासून सुटायला लागतात. शिवाय चिकटवलेल्या टाइल्सच्या मध्ये फट अशी दिसत नाही पण ती असते, केसाएवढी, तिच्यात ग्राउट (फटी भरायचा माल) शिरत नाही आणि पाणी मात्र शिरतं. ती फट मग काळी पडते आणि कशानेही निघत नाही. गरम पाण्याने टाइल थोडी फुगते, इमारतही थोडी हलते, त्यालाही जागा लागते. रेक्टिफाइड असली तरी २ मिमी ठेवा. टाइलच्याच रंगाचं ग्राउट भरलंत तर लांबून तो जॉइंट नजरेत येत नाही आणि लूकही जातो असं नाही.

एक विचारून घ्या मात्र, मिस्त्री केमिकल (टाइल चिकटवायचा माल) पूर्ण पसरून लावणार की चार कोपऱ्यांना आणि मध्ये गोळे ठेवून. लहान-मोठ्या, वाकड्या टाइल्स पटकन एका पातळीत आणायला गोळ्यांची युक्ती वापरतात आणि बैठकीच्या भिंतीवर ती खपूनही जाते, पण शॉवरमध्ये टाइलच्या मागे पोकळी चालत नाही. खाचांच्या थापीने सरळ रेषांत केमिकल ओढायचं, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, आणि पहिल्या दोन-तीन टाइल्स लावल्या लावल्या उचलून बघायचं. पाठ जवळजवळ सगळी भरलेली दिसली पाहिजे, ओल्या जागेसाठी ९५ टक्के धरतात.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. बेसमेंटमधला शॉवर नवरा आणि मी दोघंच करतोय कारण इथे कामगार लावायचा तर टाइल्सच्या कितीतरी पट पैसे जातात. खाली ग्रे आणि वर पांढरी अशी पोर्सिलीन टाइल घेतली, दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन्हीच्या बॉक्सवर १२ बाय २४ लिहिलंय. घरी आणून शेजारी ठेवल्या तर लांबीत चांगला सेंटिमीटरभर फरक! मध्ये काचेच्या मोझॅइकची पट्टी घालायची आहे, ती तर अजूनच पातळ आहे. परत करायच्या का टाइल्स?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: परत करायची गरज नाही, पण एकाच ओळीत दोन्ही घालू नका. तुमची एक टाइल मेट्रिक मापाची आहे, ३०० बाय ६०० मिमी, इंचात ११ पूर्णांक १३/१६ बाय २३ पूर्णांक ५/८, आणि तिला दुकानात बोलायला सोपं म्हणून १२ बाय २४ म्हणतात. दुसरी खरोखरच १२ बाय २४ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे ३०५ बाय ६१०. भारतातही हेच चालतं, इथली १२ बाय १८ ही ३०० बाय ४५० असते आणि २ बाय २ ही ६०० बाय ६००. त्यामुळे फुटांत हिशोब करणाऱ्यांचं २ बाय २ च्या चार टाइल्सच्या मागे जवळजवळ ४ सेंटिमीटर चुकतं. टाइल घेताना बॉक्सवरचं मिमीमधलं माप वाचायचं, डिझाइनच्या नावाखाली बारीक अक्षरात ते असतं.

लांबीतला १० मिमीचा फरक जॉइंटमध्ये जिरत नाही, तो नियम इथे लावायचाच नाही. तुमच्याकडे मध्ये मोझॅइकची पट्टी आहे ही नशिबाची गोष्ट समजा. खालची ग्रे भिंत तिच्या मापाने करा, मग पट्टी, मग वरची पांढरी तिच्या मापाने. फक्त वरच्या आणि खालच्या उभ्या रेषा एकमेकांसमोर आणायचा प्रयत्न करू नका, कारण पहिली रेष जुळेल, दुसरी सेंटिमीटरभर सरकेल आणि बघणाऱ्याला वाटेल चुकलंय. वरची ओळ मुद्दाम अर्ध्या टाइलवरून सुरू करा, किंवा वर टाइल्स उभ्या लावा, म्हणजे रेषा जुळाव्यात अशी अपेक्षाच राहत नाही. वर एकावर एक सरकवून विटांसारखं लावणार असाल तर अर्ध्यावर नको, एक तृतीयांश सरकवा. १५ इंचांपेक्षा लांब टाइल मधोमध थोडी उचललेली असते आणि अर्ध्यावर सरकवलं की एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो, बोट फिरवलं की ठेच लागते. मगाशी सांगितलेल्या अमेरिकन मानकातही अशा टाइल्सना ३३ टक्क्यांपेक्षा जास्त सरकवू नका असंच आहे.

मोझॅइकच्या जाडीचं. पोर्सिलीन आणि मोझॅइक दोन्ही मोजा, जेवढा फरक येईल तेवढा थिनसेटचा (टाइल चिकटवायच्या सिमेंटच्या मालाचा) सपाट थर त्या पट्टीच्या जागेत आधी देऊन ठेवा, पूर्ण सुकू द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नेहमीसारखं मोझॅइक लावा. एकदमच जाड थरात दाबायला गेलात तर मोझॅइकचे तुकडे आत-बाहेर होतात आणि फटींतून थिनसेट वर येतो. काचेला पांढराच थिनसेट घ्या, करडा मागून दिसतो.

प्रश्न: गोव्यात आमच्या घराच्या शॉवरसाठी हाताने केलेल्या, ग्लेझ दिलेल्या मातीच्या टाइल्स घेतल्यात, ४ बाय ४ इंच. दोन टाइल्स सारख्या नाहीत, कडाही थोड्या वाकड्या. त्याच आवडल्या म्हणून घेतल्या, पण लावायच्या कशा?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: किती सुंदर निवड! यांना थप्प्यांत वाटत बसू नका, फक्त फारच मोठ्या आणि फारच लहान तेवढ्या काढून कडेच्या कापायच्या जागांसाठी ठेवा. बाकीच्या सगळ्या बॉक्समधून मिसळून घ्या, म्हणजे रंगाची छटाही भिंतभर पसरते आणि एका जागी गडद डाग वाटत नाही. भिंतीवर प्रत्येक तिसऱ्या टाइलला एक आडवी आणि एक उभी रेष मारा आणि त्या चौकोनात नऊ टाइल्स डोळ्याने जुळवून बसवा. चौकोनाच्या आत जे व्हायचं ते होऊ दे, रेषेवर आलं की परत सरळ. जॉइंट ५-६ मिमी लागेल, त्याहून कमी केलात तर दोन टाइल्स कुठेतरी एकमेकींना टेकतीलच. जाडीत फरक असतो म्हणून प्रत्येकीच्या पाठीला वेगळा हात द्या आणि लाकडी सपाट फळी वरून हलकी ठोकून चौकोन एका पातळीत आणा.

ग्राउट भरण्याआधी एक करा. ग्लेझ कधीकधी कडेपर्यंत पोचलेला नसतो आणि उघडी माती ग्राउटचा रंग शोषून घेते, आणि मग तो डाग कायमचा राहतो. दोन जास्तीच्या टाइल्स एका फळीवर लावून त्यावर ग्राउट भरून, पुसून बघा. डाग पडला तर आधी सीलर (मातीची छिद्रं बंद करणारं द्रव) लावा. आणि शॉवरच्या जमिनीला या टाइल्स नकोत, ग्लेझ ओला झाला की पाय सरकतो.

प्रश्न: दादरला जुन्या इमारतीत राहतो. बाथरूममध्ये ६ बाय ६ च्या पांढऱ्या लाद्या आहेत, शॉवरच्या नळाची लाइन बदलताना दहाबारा फुटल्या. नवीन ६ बाय ६ आणली तर ती लहान आहे. मीच बसवणार आहे, काय करू?
— एक वाचक, मुंबई

उत्तर: काका, जुनी ६ इंची लादी खरोखरच ६ इंच म्हणजे १५२ मिमी असायची, आता मिळते ती १५० ची. फरक २ मिमी, म्हणजे मध्यभागी बसवलीत तर चारही बाजूंना फक्त १ मिमी फट जास्त राहते आणि ती नजरेला येत नाही. अडचण मापाची नाहीये, पांढऱ्या रंगाची आहे. जुना पांढरा इतक्या वर्षांत पिवळसर झालेला असतो आणि त्यात नवा पांढरा ठिगळासारखा दिसतो. तेव्हा जुळवायच्या मागे न लागता नळाच्या दोन्ही बाजूंच्या लाद्या धरून पूर्ण उभा पट्टा वरपासून खालपर्यंत काढा आणि तिथे हिरवी किंवा निळी लादी लावा, मुद्दाम केल्यासारखं दिसेल आणि माप जुळायचा प्रश्नच राहणार नाही. काढताना पट्ट्याच्या दोन्ही कडांचा सांधा आधी ग्राइंडरने कापून घ्या, म्हणजे शेजारच्या लाद्यांना धक्का बसत नाही. चष्मा आणि मास्क लावून करा. आणि पट्ट्याच्या मागे वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय लादी लावू नका, खालच्या मजल्यावाल्यांचं छतही त्यावरच अवलंबून आहे.

प्रश्न: टाइल्समध्ये फरक होता म्हणून तुम्ही म्हणता तसा मोठा जॉइंट ठेवला, ५ मिमी. त्यात व्हाइट सिमेंट भरलं, तर महिन्याभरात भेगा पडल्या आणि कडेने काळं व्हायला लागलं. आता?
— एक वाचक, सांगली

उत्तर: जॉइंट बरोबर आहे, माल चुकीचा आहे. नुसतं व्हाइट सिमेंट सुकताना आक्रसतं, बारीक फटीत ते कळत नाही पण ५ मिमीत भेग पडतेच. ३ मिमीच्या पुढे वाळू असलेलं ग्राउट लागतं, पाकिटावर किती मिमीच्या जॉइंटसाठी ते लिहिलेलं असतं. शॉवरसाठी मी एपॉक्सी ग्राउटच (सिमेंटऐवजी रेझिनचं) सुचवेन, महाग आहे, भरायला चिकट आहे, एकदम थोडंथोडंच कालवावं लागतं आणि टाइलवर सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसावं लागतं, नाहीतर घट्ट बसतं. पण ते पाणी पीत नाही आणि काळंही सहसा पडत नाही.

आधी जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढा, हाताने चालवायचं, ग्राउट खरवडायचं दातेरी पात्याचं हत्यार हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. घाई करून ग्राइंडर चालवू नका, टाइलची कड उडते आणि जोर लागला तर पातं मागच्या वॉटरप्रूफिंगपर्यंत जातं. निदान टाइलच्या दोन तृतीयांश जाडीइतकं खोल निघालं पाहिजे, वरवर काढून त्यावर नवीन भरलंत तर ते पापुद्र्यासारखं सुटेल. फटी ब्रशने झाडा, दोन दिवस शॉवर न वापरता पंखा लावून वाळवा, मग भरा. रंग टाइलच्या जवळचा घ्या. टाइल्समध्ये फरक आहे हे तुम्हाला माहितीच आहे, गडद ग्राउट घातलंत तर तो प्रत्येक फरक रेघ ओढून दाखवेल.

दोन भिंतींच्या कोपऱ्यात आणि भिंत जमिनीला मिळते तिथे मात्र ग्राउट भरू नका, एपॉक्सीही नाही. तिथे दोन बाजू वेगवेगळ्या हलतात. बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन भरा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एका दमात ओढून घ्या आणि टेप लगेच काढा. नंतर निदान २४ तास तिथे पाणी नको.